मूत्रपिंडाचा आजार आणि पाकीटबंद खाणे

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात एखादा पाकीटबंद पदार्थ चालेल की नाही, हे मुख्यतः चार गोष्टींवरून ठरते: सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिने. निरोगी मूत्रपिंडे पहिल्या तिघांचा जादा भाग आणि प्रथिनांपासून तयार होणारा युरियासारखा कचरा लघवीवाटे बाहेर टाकत असतात. त्यांची गाळण्याची क्षमता घटली की हा जादा भाग अंगात साचू लागतो. भारतातल्या पाकिटांवर या चारपैकी सोडियम आणि प्रथिने या दोनच गोष्टी आकड्यांत छापणे बंधनकारक आहे. पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचे आकडे बहुतेक पाकिटांवर नसतात. ते घटकांच्या यादीवरून ताडावे लागतात. पाकीट वाचण्यातली खरी मेहनत इथेच आहे.

पाकिटाच्या आधी मात्र रक्ताचा अहवाल वाचावा लागतो. मूत्रपिंडविकाराचे टप्पे गाळण्याच्या वेगावरून, म्हणजे जीएफआरवरून ठरतात. हा आकडा ३० ते ५९ असेल तर तिसरा टप्पा, १५ ते २९ असेल तर चौथा आणि १५ च्या खाली गेला तर पाचवा. मीठ कमी करण्याचा सल्ला जवळपास सर्व टप्प्यांवर लागू होतो. पोटॅशियम आणि फॉस्फरसचे तसे नाही. ज्यांचे रक्तातले पोटॅशियम ठीक आहे, त्यांनी केळे, टोमॅटो आणि डाळी भीतीपोटी सोडून देण्याचे कारण नसते. पोटावाटे डायलिसिस करणाऱ्या काहींचे पोटॅशियम तर उलट कमी पडते. ‘किडनीवाल्यांनी काय खाऊ नये’ अशी सरसकट यादी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत असते. तिच्यात हा भेद सहसा नसतो, म्हणून ती निम्म्या लोकांना उगाच उपाशी ठेवते. एकच पुडा एका रुग्णाला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

भारतात पाकिटावर काय छापावे हे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ठरवून दिले आहे. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण व वरून घातलेली साखर, निरनिराळ्या प्रकारची चरबी आणि सोडियम यांचे आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यावे लागतात. एका वाढपातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, तेही सांगावे लागते. हे टक्के २००० कॅलरी खाणाऱ्या निरोगी प्रौढ माणसाला धरून काढलेले असतात. तरी सोडियमच्या बाबतीत ते मूत्रपिंडाच्या रुग्णालाही उपयोगी पडतात. कारण तिथे धरलेली मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ अशी आहे, आणि मूत्रपिंडविकाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतली मर्यादाही तेवढीच आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यातल्या मिश्रकांचे काम आणि त्यांचे नाव किंवा आयएनएस हा आंतरराष्ट्रीय क्रमांक द्यावा लागतो. अक्षरे इतकी बारीक असतात की भिंग हाताशी असलेले बरे. फार लहान पुड्यांना पोषणतक्ता आणि घटकांची यादी यांतून सूट आहे. ती माहिती मोठ्या वेष्टनावर असते आणि ते वेष्टन दुकानदाराकडेच राहते. गृहउद्योगाच्या चकली-चिवड्याच्या पिशव्यांवरही अनेकदा तक्ता आढळत नाही. अशा वेळी तो पदार्थ खारट आहे असे धरूनच चालावे.

तक्ता वाचताना पहिली चूक होते ती वाढपाच्या आकाराची. कंपनी वाढप ठरवते ती आपल्या सोयीने: बिस्किटे दोन, शेव वीस ग्रॅम. खाणारा तेवढ्यावर थांबत नाही. त्यामुळे १०० ग्रॅमचा आकडा दोन पदार्थांची तुलना करण्यासाठी वापरावा, आणि प्रत्यक्ष पोटात किती गेले याचा हिशेब वजनावरून वेगळा करावा. समजा नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. मग एका पाकिटातून ८४० मिलिग्रॅम सोडियम मिळाले. दिवसाच्या मर्यादेचा ४२ टक्के वाटा असा एका बशीत संपतो, आणि जेवणातले आमटी-भाजीचे मीठ अजून यायचेच असते.

सोडियमचा अंदाज घेण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. दिवसाच्या २००० कॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे दोन आकडे सारखेच असल्याने, तक्त्यातला सोडियमचा आकडा ऊर्जेच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो पदार्थ आपल्या वाट्यापेक्षा जास्त मीठ आणतो. वरच्या नूडल्समध्ये ऊर्जा ४३० कॅलरींच्या आसपास असते. १२०० हा आकडा त्याच्या जवळजवळ तिप्पट झाला. सूपची पाकिटे, सॉस, लोणची आणि पापड या कसोटीवर लगेच नापास होतात. पण ही युक्ती तळलेल्या पदार्थांना फसते. फरसाण-भाकरवडीत तेलामुळे कॅलरी इतक्या असतात की मीठ भरपूर असूनही दोन्ही आकडे जुळल्यासारखे दिसतात. अशा ठिकाणी थेट १०० ग्रॅमचा आकडा पाहावा. भारतीय नियमांनुसार ‘लो सोडियम’ असा दावा करायचा तर १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम चालत नाही. इतके कमी सोडियम असलेले चटपटीत पदार्थ बाजारात फारसे नाहीत. पण फरसाणाच्या आकड्यांशी या मर्यादेची तुलना केली की फरसाण कुठे बसते ते समजते.

जिभेला खारट लागते तेवढ्यातच सोडियम असते, हा समज पाकीटबंद खाण्यात सर्वांत महागात पडतो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम मिळते. बिस्किटे, केक, खारी, टोस्ट, ढोकळ्याचे आणि इडलीचे तयार पीठ यांत तो असतो, यादीत ‘रेझिंग एजंट ५००’ असा. त्यामुळे गोड बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्येही ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम सहज निघते आणि चहासोबत ती खाणाऱ्याला मिठाची शंकाही येत नाही. पावाचेही तसेच. पोट फुगले की पाण्यात ढवळून घ्यायची फसफसणारी पूडही सोड्याचीच असते. ती खाण्यात धरली जात नाही, म्हणून हिशेबातून सुटते. अजिनोमोटो (६२१), सोडियम बेंझोएट (२११), सोडियम सायट्रेट (३३१) यांतही सोडियम असते, पण ते तक्त्यातल्या एकूण आकड्यात आलेले असते. म्हणून सोडियमसाठी घटकांची यादी शोधत बसू नये, तक्ता पुरतो.

मराठी घरातल्या जुन्या टिकाऊ पदार्थांना आता पाकिटाचे रूप आले आहे, आणि त्यांचा टिकाऊपणा मुळात मिठावरच उभा होता. लोणच्यात वजनाच्या १२ टक्के मीठ धरले तर १० ग्रॅमची एक फोड सुमारे ४७० मिलिग्रॅम सोडियम देते. पापडात मीठ आणि पापडखार असे दोन्हींकडून सोडियम येते, आणि भाजल्याने किंवा तळल्याने त्यात काही फरक पडत नाही. सांडगी मिरची आणि खारवलेले सुके मासे याच पंक्तीतले. कोकमाच्या बाबतीत कोकण-गोव्याकडच्या लोकांनी बाटली नीट पाहावी. कोकम सरबताच्या पाकात साखर असते, तर सोलकढीसाठी वापरायच्या आगळात मीठ घातलेले असते. रंग दोन्हींचा सारखाच. मधुमेह असलेला रुग्ण साखर टाळायला आगळाकडे वळला, तर तो मिठात अडकतो.

फॉस्फरसची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. रक्तात फॉस्फरस साचले की खाज सुटते, हाडांतले कॅल्शियम कमी होते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचू लागते. वर्षानुवर्षे रुग्णांना फॉस्फरस जास्त असलेल्या पदार्थांच्या याद्या दिल्या जात. त्यांत डाळी, कडधान्ये, सुकामेवा, दूध, मासे हे सारे असे. आता मात्र पदार्थात फॉस्फरस किती आहे यापेक्षा ते कुठून आलेले आहे याला जास्त महत्त्व दिले जाते. धान्य-कडधान्यांतले फॉस्फरस बहुतांशी फायटेटच्या रूपात अडकलेले असते आणि ते मोकळे करणारे विकर माणसाच्या आतड्यात पुरेसे नसते. म्हणून त्यातले साधारण २० ते ५० टक्केच शोषले जाते. दूध, अंडी, मांस यांतले ४० ते ६० टक्के. कारखान्यात मिसळलेले फॉस्फेट क्षार मात्र आधीच मोकळे असतात आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक रक्तात जाते. तात्पर्य, घरच्या मुगाच्या वरणाला लांब ठेवून पाकिटातले प्रक्रिया केलेले चीज खाणे हा उलटा व्यवहार आहे.

हे क्षार शोधायचे ते घटकांच्या यादीत. नावे बहुधा इंग्रजीत असतात, आणि ज्या नावात ‘फॉस’ हा उच्चार येतो ते नाव फॉस्फरसचे, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काम होते. नाव न देता नुसता क्रमांक छापला असेल तर ३३८ हे फॉस्फोरिक आम्ल; ३३९ ते ३४३ हे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम आणि मॅग्नेशियम यांचे फॉस्फेट; ४५०, ४५१, ४५२ हे डाय-, ट्राय- आणि पॉलिफॉस्फेट. बेकिंग पावडरमध्ये कधी ५४१ सापडते. सोयाबीनपासून काढलेल्या लेसिथिनमध्येही (३२२) फॉस्फरस असते, पण वापर इतका थोडा असतो की त्यासाठी पाकीट परत ठेवण्याची गरज नाही.

यादीत शेवटी आहे म्हणजे नगण्य आहे, हा तर्क इथे चालत नाही. १०० ग्रॅम पदार्थात अर्धा ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट घातले तरी त्यातून सुमारे ११० मिलिग्रॅम फॉस्फरस मिळते आणि ते जवळपास सगळे शोषले जाते. फॉस्फेट घालण्यामागची कारणे कारखान्याच्या दृष्टीने रास्त आहेत. चीजचे काप गुळगुळीत वितळावेत, कोळंबी आणि नगेट्सनी गोठवताना पाणी धरून ठेवावे, चहाची दूध-पावडर फाटू नये, केक फुगावा, काळ्या कोलाला आंबट धार यावी, अशी ती कामे आहेत. म्हणूनच प्रक्रिया केलेल्या चीजऐवजी साधे पनीर, गोठवलेल्या चिकन-तुकड्यांऐवजी ताजे चिकन, आणि कोला प्यायचीच असेल तर तिच्याऐवजी सायट्रिक आम्लाचे (३३०) लिंबाच्या चवीचे पेय निवडले, तर फॉस्फरसचा बराच भाग टळतो. साखर आणि पाण्याचा हिशेब मात्र तिथेही उरतोच.

फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. या गोळ्या जेवणासोबत घेतल्या तरच उपयोगी पडतात, कारण त्या आतड्यातल्या अन्नातलेच फॉस्फरस पकडतात. पाकिटातले खाणे बहुधा जेवणाच्या मधल्या वेळात, चहाबरोबर किंवा प्रवासात होते. तेव्हा गोळी घेतलेली नसते आणि नेमके सर्वांत सहज शोषले जाणारे फॉस्फरस मोकळे सुटते.

पोटॅशियमबाबत सावध राहण्याचे कारण वेगळे आहे. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवेलच असे नाही. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंड राखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. म्हणून ज्यांच्या अहवालात ते वरच्या मर्यादेला टेकलेले आहे, त्यांनी तक्त्यात आकडा नसतानाही त्याचा माग काढावा. पहिला माग कच्च्या मालाचा. बटाट्याच्या वेफर्समध्ये पाणी उडून गेल्याने १०० ग्रॅममागे सुमारे १२०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे ५० ग्रॅमच्या पुड्यात ६००. टोमॅटो आटवून केलेली पेस्ट त्याच कारणाने ताज्या टोमॅटोहून कितीतरी जड. शहाळ्याच्या पाण्याची पाकिटे आरोग्यदायी म्हणून विकली जातात, आणि निरोगी माणसाला ती तशी आहेतही. पण पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाने ती टाळावीत. फळांचे रस, मनुका-खजूर घातलेली एनर्जी बार आणि साखरेऐवजी गूळ वापरलेली मिठाई यांतही पोटॅशियम बरेच असते. मधुमेही रुग्णाची साखर अचानक उतरली तर संत्र्याच्या रसाऐवजी ग्लुकोजची पूड किंवा साधी साखर देतात, ती यासाठीच.

दुसरा माग मिश्रकांचा, आणि त्यात सर्वांत ठळक पोटॅशियम क्लोराइड (५०८). ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते, त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी हेच घातलेले असते. ज्या मिठात ते ३० टक्के आहे, त्याच्या ५ ग्रॅममधून जवळजवळ ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाच्या वापराबद्दल मार्गदर्शक तत्त्व जाहीर केले तेव्हा मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्यांना त्यातून वगळले. रक्तदाबासाठी घरात आणलेले हे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या ताटात जाऊ नये, अगदी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले असले तरीही. पाकीटबंद सूप आणि नमकीन यांच्या ‘कमी सोडियम’ आवृत्त्यांत ५०८ आहे का, तेही पाहावे. सैंधव मीठ या अडचणीत येत नाही. पण ते जवळपास सगळे सोडियम क्लोराइडच असल्याने सोडियमच्या हिशेबात साध्या मिठाइतकेच धरावे लागते. पोटॅशियम सॉर्बेटसारखे (२०२) परिरक्षक अत्यल्प असतात. त्यांची धास्ती नको.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचे शब्द मूत्रपिंडासाठी लिहिलेले नसतात. ‘मल्टिग्रेन’, ‘नैसर्गिक’, ‘शुगर-फ्री’, ‘बेक्ड’ यांपैकी एकही शब्द सोडियम किंवा फॉस्फेटबद्दल काही सांगत नाही. कोंड्याच्या पावात मैद्याच्या पावापेक्षा पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त हे खरे, पण त्यातले फॉस्फरस कमी शोषले जाते आणि तंतूंमुळे पोट साफ राहते. बद्धकोष्ठतेत पोटॅशियम साचण्याचा धोका असल्याने हा फायदा किरकोळ नाही. मैद्याचा पाव श्रेष्ठ आणि कोंड्याचा वर्ज्य, असे पूर्वी ठामपणे सांगत, तसे आता सांगता येत नाही.

‘हाय प्रोटीन’ या शब्दाशी मात्र थांबावे. डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णाला साधारणपणे शरीराच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. काही जणांना डॉक्टर याहूनही कमी सांगतात. व्यायामशाळेत मिळणाऱ्या पावडरच्या एका चमच्यात बहुधा २४-२५ ग्रॅम असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो. उपचारात प्रथिने वाहून जातात, म्हणून १ ते १.२ ग्रॅम लागतात आणि कमी खाणे हाच धोका होतो. औषधाच्या दुकानात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मिळणाऱ्या पावडरीही यामुळे दोन जातींच्या असतात: डायलिसिसपूर्वीच्या कमी प्रथिनांच्या आणि डायलिसिसवरच्या जास्त प्रथिनांच्या. डबे दिसायला सारखे असतात. चिठ्ठीवरचे नाव आणि डब्यावरचे नाव पूर्ण जुळल्याशिवाय घेऊ नये.

मग उरते काय, असे रुग्णाच्या घरचे विचारतात. उत्तर फारसे कंजूष नाही. साधे पोहे, साबुदाणा, शेवया, रवा हे पाकिटात येत असले तरी त्यांत मीठ किंवा फॉस्फेट घातलेले नसते. मीठ घरी आपल्या हाताने पडते आणि मोजता येते. साबुदाणा खिचडीत शेंगदाणे किती, एवढाच मग प्रश्न. मसाल्यांमध्ये गोडा मसाला, धणे-जिरे पूड यांत सहसा मीठ नसते, तर चाट मसाल्यात आणि तयार ग्रेव्हीत असते. डब्यातले राजमा-छोले आणले तर त्यातले पाणी ओतून टाकून दाणे नळाखाली धुतल्याने बरेच सोडियम आणि थोडे पोटॅशियम निघून जाते. एकदा तपासलेला पदार्थ कायमचा पास झाला असे समजू नये. कंपन्या कृती बदलतात आणि वेष्टन तेच ठेवतात, म्हणून काही महिन्यांनी यादी पुन्हा वाचावी. नेहमी आणल्या जाणाऱ्या पाच-सहा पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो ताज्या रक्तअहवालासह आहारतज्ज्ञाला दाखवले, तर कोणते ठेवायचे आणि किती खायचे याचा निकाल एका भेटीत लागतो.

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांना निराळे तक्ते वाचावे लागतात. युरोपात सोडियमऐवजी मिठाचा आकडा छापतात, त्याला २.५ ने भागले की सोडियम मिळते. मिश्रकांचे क्रमांक तेच असतात, फक्त त्यांच्या आधी आयएनएसऐवजी ‘ई’ लागतो. अमेरिकेत पोटॅशियमचा आकडा तक्त्यात देणे आता बंधनकारक आहे. फॉस्फरसचा अजूनही नाही, आणि मिश्रकांचे क्रमांक न देता पूर्ण नावे छापतात, म्हणून तिथे ‘फॉस’ शोधणे सोपे. पोटॅशियमचे तिथले टक्के मात्र ४७०० मिलिग्रॅमच्या दैनंदिन प्रमाणावर काढलेले असतात. ‘१० टक्के’ असे वाचून थोडेच आहे असे वाटले, तरी प्रत्यक्षात ते ४७० मिलिग्रॅम असते. तिथे टक्के सोडून मिलिग्रॅमचाच आकडा वाचावा.